औंदा घर बांधूचाच: तीव्र इच्छा नेमकं करते काय?

आमच्या काकांच्या अंगणात, माडापासून हातभर अंतरावर, चिऱ्यांची एक रास आहे. अकरा वर्षं झाली तिला. ट्रकमधून उतरवले तेव्हा चिरे लालभडक होते, आता काळपट पडलेत. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढतं, मे महिन्यात ते वाळून पापुद्र्यासारखं निघतं, आणि मधल्या एका फटीत सरडा राहतो. काका मुंबईला असतात. दर गणपतीला येतात, रात्री भजन आटपलं की पडवीत पाय लांब करून बसतात, राशीकडे बघतात आणि म्हणतात, "औंदा घर बांधूचाच."

हे ते मनापासून म्हणतात. तेव्हा त्यांचा आवाज जड होतो. खोल्या किती, देवघर कुठल्या तोंडाला, न्हाणीघरात गरम पाण्याची चूल ठेवायची की गिझर, सगळं ठरलेलं असतं. मग विसर्जन होतं, सुटी संपते, कणकवली स्टेशनवर मंडळी गाडीत चढतात. चिपळूण मागे पडेपर्यंत घराचा विषय चालतो. पनवेल आलं की डब्यात शाळेच्या फीची आणि पाण्याच्या वेळेची बोलणी सुरू झालेली असतात.

"इच्छा तिथे मार्ग" हा सुविचार आपण सगळ्यांनीच शाळेच्या फळ्यावर वाचलेला असतो. मग काकांची इच्छा कमी पडली म्हणायची का? मला तसं वाटत नाही. इच्छेकडून आपण जे काम अपेक्षितो, ते तिचं कामच नसावं अशी शंका मला बरेच दिवस होती, आणि मानसशास्त्रात या विषयावर जे काम झालंय ते वाचून ती पक्की झाली. तेच जमेल तसं सांगतो.

सुरुवात मेंदूपासून. डोपामीन हे नाव आता व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा फिरतं, "सुखाचं रसायन" म्हणून. ती ओळख अर्धवट आहे. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांवर केलेला प्रयोग पाहा. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर स्वतःहून खायला तोंड पुढे करीनासे झाले. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, की पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे गोडी लागत होती, ओढ मात्र संपली होती. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला मुद्दा.

दुसरा प्रयोग वोल्फ्राम शुल्त्झ यांचा, माकडांवरचा. अचानक फळाचा रस मिळाला, की माकडाच्या डोपामीनच्या पेशी जोरात चेततात. पण रसाच्या आधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की पेशी रसाला चेतेनाशा होतात. त्या दिवा लागला की चेततात. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जातं. हे १९९७ च्या एका गाजलेल्या निबंधात मांडलं गेलं.

आता काकांचा दिवा कोणता? रत्नागिरी आली की खिडकीतून दिसणारी तांबडी माती. ढोलकीचा पहिला ठोका. अंगणातले चिरे. हे दिसलं, ऐकू आलं, की इच्छा उसळते. मुंबईत हे दिवे लागत नाहीत. म्हणून तिथे इच्छा मेलेली नसते, नुसती झोपलेली असते. "खरी ओढ असती तर वर्षभर टिकली असती," हे आपण नातेवाइकांबद्दल फार सहज बोलतो. कुठलीही ओढ वर्षभर त्याच पातळीला राहत नाही. तिलाही भरती-ओहोटी असते. भरतीला वाळूतली होडी हलते, ओहोटीला दहा माणसं लावली तरी हलत नाही. कोळ्याला हे ठाऊक असतं. तो समुद्राला दोष देत बसत नाही, भरतीची वेळ बघून दोरखंड तयार ठेवतो.

डोपामीनचं आणखी एक काम इथं सांगायला हवं. उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले: जवळ थोडं खाणं, किंवा मधली भिंत चढून गेलं तर जास्त खाणं. धडधाकट उंदीर भिंत चढतात. डोपामीन कमी केलं, की ते जवळचं थोडं खाऊन गप्प बसतात. जॉन सॅलामोन यांच्या गटाने हे दाखवलं. तर तीव्र इच्छेचा खरा उपयोग हा: कष्ट परवडतात असं तिच्यामुळे वाटतं. ती भिंत लहान करत नाही, चढायला तयार करते. एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं, आणि ते थोडं नाही.

आता आमच्या शेजारच्या वैनींचं सांगतो. चुलत वैनी. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न, दोन मुलं, म्हैस. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे दहावीला बाहेरून बसल्या. कारण साधं होतं. बचत गटात त्यांना सचिव करायचं ठरत होतं आणि हिशेबाची वही बघून त्या मागे सरल्या. "भावोजी, टक्के काढूक येनत नाय माका, सगळ्यांदेखत लाज गेली," असं त्या मला विहिरीवर म्हणाल्या होत्या. आणि लगेच, कळशी उचलता उचलता, "पण माका जमात काय?"

हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ साली माणसाच्या उमेदीचं एक गणित मांडलं. ढोबळपणे सांगायचं, तर हवंसं किती वाटतं आणि जमेल असं किती वाटतं, यांचा त्यात गुणाकार असतो. बेरीज असती तर एक बाजू कमी पडली तरी दुसरीने भागलं असतं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की संपलं. "जमणारच नाही" असं वाटणाऱ्या माणसाला इच्छा वाढवायचं भाषण दिलं, तर आपण शून्याला मोठ्या आकड्याने गुणत असतो. शाळांमधल्या प्रेरणादायी व्याख्यानांबद्दल माझी नेमकी हीच तक्रार आहे.

ही दुसरी बाजू वाढवायची कशी? आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ पासून हे मांडलं, की जमेल हा विश्वास सगळ्यांत जास्त कशाने येतो, तर स्वतः काहीतरी जमवल्याने. दुसऱ्याचं बघून, कोणी धीर देऊन येतो तो त्याच्या मागून. वैनींना कुणीतरी आधी पुस्तकातली शेकडेवारी शिकवायला घेतली, तेव्हा त्या गांगरल्या. मग गटाचंच व्याज घेतलं: शंभराला महिना दोन रुपये, तर हजाराला किती? "वीस," हे त्यांनी वहीकडे न बघता सांगितलं. तीन हजार, पाच महिने? थोडं थांबून, बोटांवर, तीनशे. ही शेकडेवारीच आहे हे कळल्यावर त्या अशा हसल्या, की पडवीतली मांजर उठून गेली.

पण अभ्यास टिकला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. त्यासाठी ब्रिटनमधल्या एका प्रयोगाकडे जातो. तो २००२ साली प्रसिद्ध झाला आणि इच्छेबद्दलची माझी समजूत सगळ्यांत जास्त त्यानेच बदलली. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचे धोके आणि व्यायामाचे फायदे नीट वाचायला दिले. त्याने व्यायाम करायची इच्छा खरोखर वाढली. तिसऱ्या गटालाही तेच दिलं, वर एक वाक्य पुरं करायला सांगितलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, इतक्या वाजता, अमुक ठिकाणी वीस मिनिटं दमदार व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला. इच्छा वाढवलेल्या दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांनी. तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी.

पस्तीस हा आकडा मी दोनदा वाचला होता. इच्छा वाढली आणि हाताला काहीच लागलं नाही. एक प्रयोग म्हणून सोडून द्यावं, तर २००६ साली अशा ४७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही हेच दिसलं: माणसाचा इरादा बराच बदलला, तरी वागणं त्या मानाने थोडंच बदलतं.

तिसऱ्या गटाच्या त्या वाक्यात दडलेलं सूत्र, म्हणजे ठरलेली वेळ आली तर ठरलेलं काम करायचं हे जर-तर, पीटर गोल्विट्झर यांनी नव्वदच्या दशकात नीट अभ्यासलं. आपल्याला जर-तर नवं नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा काय असतं? बा देवा महाराजा, अमक्याचं काम होऊं दे, झालं तर नारळ-केळी ठेवीन. आणि मागचे सगळे, होय महाराजा. नवसाला मी नावं ठेवत नाही, माझ्या बारावीचा एक नारळ मी स्वतः फेडलेला आहे. पण नवसातलं जर-तर फळाला बांधलेलं असतं: जर मिळालं, तर मी हे करीन. गोल्विट्झर यांचं जर-तर वेळेला बांधलेलं आहे: जर ही वेळ आली, तर मी हे करीन. नवसातली अट देवाच्या हातात. इथली अट रोज संध्याकाळी घरात येऊन उभी राहते.

वैनींनी हे कुठे वाचलं नव्हतं. त्यांचं ठरलं ते असं: रात्रीची भांडी घासून पालथी घातली, की पाटाखालची वही काढायची आणि दोन उदाहरणं सोडवूनच दिवा मालवायचा. "मन लागलं तर", "वेळ मिळाला तर" असं त्यात काही नव्हतं. भांडी रोज पालथी घातली जातातच. परसदारी शेवटचं पातेलं पालथं पडल्याचा आवाज आमच्याकडे ऐकू यायचा आणि आई म्हणायची, "बसली आता." या युक्तीत बारीक गंमत अशी, की इच्छा जागी असताना निर्णय एकदाच घेतला जातो आणि पुढे तो पातेल्याच्या हवाली होतो. थकलेल्या रात्री स्वतःशी वाद घालावा लागत नाही. अशा जर-तरच्या ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ सालीच निघाला आणि परिणाम मध्यम ते मोठा आढळला. माणसांच्या वागण्याच्या अभ्यासात एवढा परिणाम सहसा मिळत नाही.

वैनी पहिल्या वेळी गणितात नापास झाल्या, हेही सांगतो. पुरवणी परीक्षेत सुटल्या.

आता उलट बाजू. मनासारखं झालंय असं चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ते होईल, असं सांगणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. गाब्रिएले ओटिंगेन यांनी हे तपासलं. त्यांना वाटलं होतं, गोड कल्पना माणसाला बळ देतील. निघालं भलतंच. वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातल्या ज्या बायका स्वतःला आधीच सडपातळ झालेलं रंगवत होत्या, त्यांचं वजन कमी उतरलं. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांत ज्यांच्या मनात नोकरीची गोड दिवास्वप्नं जास्त होती, त्यांनी अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनी पगारही कमी निघाला. पुढे २०११ साली असंही दिसलं, की गोड कल्पनेत रमल्यावर रक्तदाबाचा वरचा आकडा खाली येतो. अंगातली तयारीच उतरते. मेंदूला वाटतं, आलं की घर. जेवण झाल्यावर कोण पाणी तापवतं?

इथं एक फरक विसरू नका. "मला जमेल" हा अंदाज आणि "झालंच आहे" ही कल्पना, या वेगळ्या गोष्टी. पहिल्याने फायदा होतो हे त्याच वजनाच्या अभ्यासात दिसलं होतं. नुकसान होतं ते दुसरीने. काका पडवीत बसून देवघराचं तोंड ठरवतात, तेव्हा ते घरात राहायला गेलेले असतात.

ओटिंगेन यांचा उपाय सोपा आहे पण गोड नाही. इच्छा डोळ्यांपुढे आणायची आणि लगेच, त्याच बैठकीत, आपल्यातलं काय आड येतंय ते बघायचं. बाहेरचं नव्हे, आपल्यातलं. आळस, भीती, संकोच, जुना राग. मग त्या अडचणीला जर-तर बांधायचं. आणि अडचण बघून लक्षात आलं, की हे आपल्याच्याने होणार नाही, तर माणूस मोकळा होतो, तोही फायदाच. नको झालेली इच्छा सोडता येणं हे कमीपणाचं मानायचं कारण नाही.

इच्छा फार झाली तर? दक्षिण भारतातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला, २००९ साली छापून आला. लोकांना चक्रव्यूहातून गोळी नेणं, आकडे लक्षात ठेवणं असे खेळ दिले. बक्षीस कुणाला एका खेळामागे जास्तीत जास्त ४ रुपये, कुणाला ४०, कुणाला ४००. चारशे म्हणजे त्या माणसांसाठी मोठी रक्कम. सगळ्यांत वाईट खेळले ते चारशेवाले. लक्ष गोळीवर राहिलं नाही, पैशावर गेलं. हात थरथरतात तो हाच प्रकार. स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नाला बसलेल्या, आणि घरच्यांनी "आता शेवटचं हां" असं सांगून पाठवलेल्या मुलाला हे वेगळं समजावायला नको. अशा मुलांना जोर लावायला सांगू नये, आदल्या आठवड्यात तर मुळीच नाही.

ती इच्छा मुळात कुणाची, हाही प्रश्न आहेच. कोकण विभागीय मंडळ २०१२ साली झाल्यापासून दहावीच्या निकालात आपण वर असतो. पण त्यानंतर इंजिनीअरिंगला गेलेल्या किती मुलांना स्वतःला जायचं होतं, हे कुठल्या गुणपत्रिकेत दिसत नाही.

जिद्दीची गोष्ट म्हणून आपल्याकडे धोंडो केशव कर्व्यांची हमखास सांगतात. दापोली तालुक्यातल्या मुरुडचा मुलगा, परीक्षेसाठी सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला, आणि वय लहान दिसतं म्हणून तिथं परीक्षेला बसू दिलं नाही. गोष्ट खरी आणि चटका लावणारी आहे. मॅट्रिक व्हायला त्यांना १८८१ साल उजाडलं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पण मला त्यांचं दुसरं चालणं जास्त शिकवून जातं. विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला नेल्यावर ते तिथून रोज पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला चालत जात आणि चालत परत येत. साताऱ्याच्या वाटेला उसळलेली इच्छा लागते. हिंगण्याच्या वाटेला ती रोज कुठून आणणार? तिथं पाय सवयीने निघतात. लंडनमध्ये ९६ लोकांवर झालेल्या एका अभ्यासात, नवी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, आणि अंदाज बांधला तर कुणाला २५४. एकवीस दिवसांत सवय लागते, हे सांगणाऱ्यावर म्हणून फार विश्वास ठेवू नका. कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ साली निघालं. तोवर त्यांनी किती मैल तुडवले असतील, कोण जाणे.

तर काका. गेल्या खेपेला मी ओटिंगेनबाईंचं नाव न घेता त्यांचा प्रयोग काकांवर केला. भजन झालं होतं, काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास अजून पडवीत होता.

"काका, नेमका अडता खंय? पैशे?"

"पैशे आसत."

"मगे?"

बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "सातबाऱ्यार चौदा नावां आसत."

जमीन सामायिक. घर बांधायचं तर सहहिस्सेदारांची संमती हवी. हे ज्याला माहीत नाही असा कोकणी माणूस नाही, त्यामुळे मी तेवढ्यावर सोडलं नाही. तेरा सह्या अवघड नव्हत्या. चौदावी चुलतभावाची होती. बांधावरचा फणस वादळात पडला, त्याचं लाकूड त्याने परस्पर विकलं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"तेका फोन कोण करतलो?" काका म्हणाले. अकरा वर्षांची चिऱ्यांची रास या एका वाक्यावर उभी होती.

फोन नको म्हटलं. आरतीला तो येतोच, भांडण असलं तरी गणपतीसमोर येतो. मग ठरलं: तो आरतीला आला आणि मी त्याच्या हातात चहाचा कप दिला, की सातबाऱ्याचा विषय काढायचा. फणसाचं नाव काढायचं नाही. काकांनी हे भजनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, आणि मी बघतोय म्हटल्यावर वही मिटली.

चुलतभावाने चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर काका बोलले, भिंतीकडे बघत. तो म्हणाला, "बघूया." आमच्याकडे "बघूया"चे निदान चार अर्थ होतात, त्यामुळे त्या रात्री कुणी काही बोललं नाही.

मे महिन्यात दोघं मिळून तलाठ्याकडे जाऊन आले. सध्या नऊ सह्या झाल्यात. एक नाव नालासोपाऱ्याला आहे, एक बडोद्याला, दोघांचे वारस चढवायचे राहिलेत. चिरे तिथेच आहेत. वरच्या रांगेतले बारा वैनींनी म्हशीच्या गोठ्याच्या पायरीला नेले, सांगून. काकांनी ते भजनाच्या वहीत मांडून ठेवलंय: बारा, परत येणे.